सोळाचे वीस

"एवढी थोरली घंटा, आणि ऐकायला कोण? चिमूटभर पोरं! त्यापेक्षा एकेकाला हाताला धरून आत आणून बसवलं, तर माझा खांदा तरी वाचेल."

शिपाईमामा हे घंटेला सांगत होते. मामांची कुरकुर नेहमी घंटेशी, नळाशी नाहीतर कुलपाशी चाले. माणसांशी ते फार अदबीने बोलत. पण घंटा आणि मोठ्या बाईंची खुर्ची यांच्यात काय ती एक खिडकी, आणि त्या खिडकीला काच नव्हती. त्यामुळे घंटेला सांगितलेलं सगळं मोठ्या बाईंना फुकटात कळे. एरवी त्या ऐकून न ऐकल्यासारखं करीत. मुख्याध्यापिकेला हे कसब यावंच लागतं, नाहीतर ती दोन दिवस टिकायची नाही. आज मात्र बोलणं लागलं, कारण ते खरं होतं. शाळेच्या पटावर सोळा मुलं उरली होती. चार वर्ग, दोन शिक्षिका, एक शिपाई, एक घंटा आणि सोळा मुलं.

मोठ्या बाई वयाने मोठ्या, अंगाने नव्हेत. अंगाने इतक्या बेताच्या की फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर त्यांच्या हातचं अक्षर कधी उमटलंच नाही. दुसऱ्या होत्या धाकट्या बाई. त्या उंच, तरुण आणि नुकत्याच कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आलेल्या. तेव्हा फळ्याचा वरचा भाग आणि नव्या कल्पना ही दोन्ही खाती त्यांच्याकडे.

आदल्याच दिवशी पटसाहेब येऊन गेले होते. वरच्या कचेरीतून तपासणीला येणाऱ्या या गृहस्थांना नाव असणारच, पण ते कुणी वापरीत नसे. कारण आल्याआल्या ते विचारायचे, "पट किती?" पाणी घेणार का, म्हटलं तरी, "पट किती?" माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यात आकडे बसले होते आणि मुलांना बसायला जागा उरली नव्हती.

"बाई, वीसच्या खाली शाळा ठेवता येत नाही," त्यांनी टोपणाने पेन मिटत सांगितलं. "महिनाअखेरीला मी येऊन डोकी मोजणार. वीस भरली तर ठीक. नाहीतर कुलूप, आणि मुलं पलीकडच्या मोठ्या शाळेत."

पलीकडची मोठी शाळा म्हणजे हमरस्ता ओलांडून, मालगाड्यांच्या रुळांवरून, गोदामांच्या मागे. पायी पाऊण तास. या सोळांचे आईबाप पहाटेच कामाला बाहेर पडणारे. पोचवणार कोण? मोठ्या बाईंनी मनातल्या मनात एकेक चेहरा त्या रस्त्याने चालवून पाहिला. निम्मे रुळांपर्यंतही गेले नाहीत. हा घरी धाकट्या भावाला सांभाळत बसणार, ती आईबरोबर भांडी घासायला जाणार. शाळा बदलणार नव्हती. शाळा संपणारच होती, फक्त कागदावर त्याला 'समायोजन' म्हणणार होते.

जाताना पटसाहेब एक तक्ताही ठेवून गेले. मुलं कुठल्या थरातली, पालक काय करतात, घर किती लांब. मोठ्या बाई मोठ्याने वाचत भरू लागल्या. गवंडी. रंगारी. रखवालदार. इस्त्रीवाला. झाडूवाली. भांडीवाली. पुन्हा गवंडी.

मामा दारातून ऐकत होते. म्हणाले, "बाई, एवढ्यांत एक अख्खी इमारत बांधून, रंगवून, झाडून, राखून होईल बघा."

"होईल ना."

"फक्त राहायला कुणी नाही."

राहणारे समोर राहत होते. शाळेच्या फाटकासमोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे चार उंच इमारतींची सोसायटी. तिच्या गॅलऱ्यांतून शाळेचा फळासुद्धा वाचता येई. संध्याकाळी तिच्या आवारात चालायची सोय नाही. सायकलवरचं, चाकाच्या बुटांवरचं, नाहीतर नुसतंच बेभान असं एखादं मूल येऊन पोटावर आदळणारच. सकाळी हीच मुलं पिवळ्या बसमध्ये बसून शहराच्या दुसऱ्या टोकाला जात आणि दुपारी कोमेजून परत येत. समोरच्या शाळेत त्यांतलं एकही नव्हतं.

आणि खुद्द मोठ्या बाई त्याच सोसायटीत राहत. मुलगा, सून आणि साडेपाच वर्षांची नात. नातीला सगळे भिंगरी म्हणत. का ते तिला पाच मिनिटं पाहिलेल्याला सांगावं लागत नसे. भिंगरीला येत्या वर्षी पहिलीत घालायचं होतं. कुठे घालायचं, हा विषय घरात निघत नसे. म्हणजे निघू लागला की मुलगा म्हणे, "बघू," आणि सूनबाईंना नेमकी कुकरची शिट्टी ऐकू येई. पुष्कळदा कुकर लावलेलाही नसे. मोठ्या बाईही जोर करीत नसत. सून गुणी होती, सासूच्या गुडघ्यांना रोज तेल लावणारी होती, आणि अशा सुनेला कोंडीत पकडणं म्हणजे स्वतःच्याच गुडघ्यावर पाय देणं.

"चार मुलं हो, चारच!" मोठ्या बाई त्या दिवशी म्हणाल्या. "समोर दोनशे हिंडताहेत. त्यातली चार मिळणार नाहीत?"

माणसाचं घोडं अडतं ते 'चारच' या शब्दापाशी.

पहिल्या संध्याकाळी दोघी बाई सोसायटीत घरोघर निघाल्या. स्वागत झकास. ज्या बाईंना लोक रोज लिफ्टमध्ये बघून मान हलवीत, त्या हातात वही घेऊन दारात उभ्या राहिल्यावर सगळ्यांनी सोफ्यावरचे कपडे उचलून जागा केली. शाळेबद्दल चांगलंच बोलले.

"तुमच्या शाळेसारखं शिकवणं कुठे मिळतं आता!"

"मग घाला ना मुलाला."

"घातलंच असतं हो. पण तुमच्याकडे टाय नाही."

दुसऱ्या घरातही टायच. तिसऱ्या घरात टाय आणि इंग्रजी. सोसायटीचे चेअरमन बँकेतून निवृत्त झालेले आणि सल्ल्यांवर व्याज न घेणारे. ते म्हणाले, "बाई, माल उत्तम आहे तुमचा, पण वेष्टण? गिऱ्हाईक आधी वेष्टण बघतं."

एकवीस वर्षं शिकवलेल्या पाढ्यांना कुणी माल म्हटल्यावर मोठ्या बाईंचा चेहरा कडू झाला. पण गरजवंताला अक्कल नसते. त्या तशाच शिंप्याकडे गेल्या.

शिंपी कोपऱ्यावरचा. ब्लाउज आणि शर्ट यांत त्याचा हात धरणारा कुणी नाही, पण टाय त्याने आयुष्यात शिवला नव्हता, आणि हे कबूल करणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. "होऊन जाईल," तो म्हणाला. शिंप्याच्या तोंडचं 'होऊन जाईल' आणि डॉक्टरच्या तोंडचं 'बघू काय होतं' यांत फारसा फरक नसतो. पडद्याच्या उरलेल्या जाड कापडाचे, आतून कडक अस्तराचे, गळ्यात अडकवायला इलॅस्टिक लावलेले असे सोळा टाय झाले. मुलांनी ते गळ्यात अडकवले, आणि मधल्या सुट्टीपर्यंत शोध लावला की टाय लांब ओढून सोडला तर समोरच्याच्या नाकावर बसतो. आपल्या नाकावर बसवायचा तर आणखी सोपं. संध्याकाळी सहा मुलांची नाकं लाल, आणि रखवालदाराच्या मुलाने टायमध्ये खडा घालून शाळेचा एकुलता एक दिवा फोडलेला.

इंग्रजीचं खातं धाकट्या बाईंनी घेतलं. त्यांनी जाहीर केलं की उद्यापासून मैदानात इंग्रजीच बोलायचं. मुलं आज्ञाधारक. दुसऱ्या दिवसापासून मैदानात चिडीचूप. पळापळी मूकपणे, भांडण मूकपणे, रडणंसुद्धा तोंड दाबून. पडलेला एक जण रक्त येणारा गुडघा घेऊन बाईंसमोर उभा राहिला आणि खूप विचार करून म्हणाला, "थँक यू." ही शांतता चार दिवस चालली. पाचव्या दिवशी चेअरमन गॅलरीतून ओरडले, "वा बाई! आवाजाची तक्रार मिटली हो! असंच राहू द्या!" शाळा जिवंत ठेवायला निघालेल्या मोठ्या बाईंना आपण ती अर्धी पुरून आल्यासारखं वाटलं. त्यांनी बंदी उठवली.

टाय झाले. दोघी पुन्हा सोसायटीत.

"अय्या, टाय छान आहेत हो! खिडकीतून पाहिले. पण ने-आण कशी करायची?"

"ने-आण?" मोठ्या बाईंनी खिडकीतून शाळेकडे बोट दाखवलं. "ती काय समोर."

"समोर आहे, पण रस्ता आहे ना मध्ये. व्हॅन असती तर विचार केला असता."

रस्ता ओलांडायला व्हॅन! पण बाईंचं आता असं झालं होतं, की कुणी म्हणालं असतं शाळेला शिंगं नाहीत, तर त्या शिंगं शोधायला निघाल्या असत्या. सूनबाई त्या रात्री तेल लावताना म्हणाल्या, "आई, इतकं कशाला करताय?"

"चार मुलांसाठी."

सूनबाई काहीतरी बोलणार होत्या. मग म्हणाल्या, "दुसरा गुडघा द्या."

व्हॅनवाला मिळाला. त्यानेही सल्ला दिला. या प्रकरणात सल्ला न देणारं कुत्रंसुद्धा भेटलं नाही. "मॅडम, रिकामी गाडी बघून कोण पोर देईल? भरलेली दिसली पाहिजे. सकाळी बसच्या वेळेला आया फाटकाशी उभ्या असतात, तेव्हा त्यांच्या नाकासमोरून न्यायची."

भरायची कशाने? होती ती सोळा. ही मुलं शाळेच्या मागच्या पत्र्याच्या वस्तीत राहत. शाळेच्या मागच्या भिंतीतल्या भगदाडातून आत यायला त्यांना जेवढा वेळ लागे, तेवढ्यात व्हॅनचं दारही उघडत नसे. तरी एका सकाळी सोळाही मुलांना टाय घालून, भांग पाडून व्हॅनमध्ये कोंबलं. पुढे मोठ्या बाई, मागे धाकट्या बाई. मामा शाळेत राहिले, घंटेपाशी.

व्हॅन सोसायटीच्या फाटकावरून दिमाखात गेली. आयांनी पाहिलं. हसल्या. इस्त्रीवाल्याचा मुलगा खिडकीशी बसला होता, रोज बापाबरोबर कपडे पोचवायला जाणारा, म्हणून त्याने ओळखीच्या एका बाईंना जोरजोरात हात केला, "काकू! काकू!" त्या काकूंचं हसू होतं तिथेच थांबलं आणि त्यांना एकदम मोबाइलमध्ये काहीतरी आठवलं. मोठ्या बाईंनी ते पाहिलं. पण पाहिलेलं सगळंच माणूस घरी नेत नाही.

आता परतायचं. रस्त्याला मधोमध कठडा. वळण पार पुलाखाली. पुलाखाली सिमेंटचा ट्रक आडवा. ट्रकमागे व्हॅन, व्हॅनमागे अर्धं शहर. इंजिन तापलं, वाफ निघाली, मुलं आनंदाने किंचाळली. जन्मात पहिल्यांदा ती शाळेला गाडीने निघाली होती आणि जन्मात पहिल्यांदा शाळेला पोचत नव्हती.

आणि त्याच सकाळी, अचानक तपासणी म्हणून, पटसाहेब आले. पुढचं मामांच्याच तोंडून ऐकलेलं.

"पट किती?"

"सोळा, साहेब."

"कुठे आहेत?"

"फिरायला गेलीत."

"शाळेच्या वेळात? शिक्षिका कुठे आहेत?"

"त्यापण त्यांच्याबरोबर."

"कुठे गेलेत सगळे?"

"शाळेतच यायला निघालेत साहेब," मामा अत्यंत अदबीने म्हणाले. "इथूनच."

पटसाहेबांनी चारही वर्ग पाहिले. बाकांखालीही पाहिलं म्हणतात. मग लिहिलं: उपस्थिती शून्य. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इथे तर हात भाड्याने आणून दाखवला होता. संध्याकाळी मोठ्या बाई कचेरीत जाऊन पाऊण तास उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या, कारण खुर्चीवर दुसऱ्या कुणाच्या तरी फायली बसल्या होत्या. शेवटी पटसाहेब विरघळले. "महिनाअखेरीला वीस डोकी दाखवा, मी हे शून्य विसरेन. एकोणीस दिसली, तर हे शून्यही आठवेल."

सोसायटीत व्हॅनचा परिणाम काय झाला म्हणाल, तर एक आई हळहळून म्हणाली, "गाडी तर गच्च भरलेली दिसली हो बाई. आमच्या मुलांना जागा कुठे?"

मोठ्या बाईंनी त्या रात्री जेवायला नको म्हटलं. मुलगा म्हणाला, "आई, तू मनाला लावून घेऊ नकोस. बघू."

दुसऱ्या दिवशी पार्लरवाल्या वहिनी लिफ्टमध्ये भेटल्या. वहिनींचं पार्लर तळमजल्यावर, आणि गावाचे केस आणि गावाच्या भानगडी दोन्ही तिथेच सुटत. त्यांनी बाईंचा हात धरला. "बाई, तुमचं चुकतं कुठे सांगू? तुम्ही लोकांच्या दारात जाता. दारात आलेली वस्तू लोक घेत नाहीत. मी काय करते? पार्लर रिकामं असलं तरी फोनवर सांगते, आज जागा नाही, परवा बघते. परवा तिघी येतात. तुम्ही पाटी लावा, जागा संपत आल्या म्हणून. आणि मुलाखत ठेवा."

"कुणाची?"

"मुलांची नाही हो, आईबापांची! मुलाखत म्हटली की लोक नवे कपडे काढतात."

धाकट्या बाईंना हे पटलं. प्रशिक्षणात यालाच काहीतरी लांब नाव होतं. त्यांनी सुबक अक्षरात पाटी रंगवली: 'प्रवेश जवळजवळ पूर्ण. मोजक्याच जागा शिल्लक. प्रवेश मुलाखतीनंतरच.' मामांनी ती फाटकावर ठोकली आणि ठोकताना खिळ्याला सांगितलं, "सोळा पोरं, आणि म्हणे जागा नाही."

सोसायटीतून पाटी वाचायला कुणी उतरलं नाही. गॅलरीतून वाचून झाली असावी. पण तिसऱ्या दिवशी इस्त्रीवाला धावत आला. "बाई, काल एक बाई आली होती ना तीन पोरं घेऊन? घेतली का?"

"कोण बाई?"

नव्या बांधकामावर विटा वाहायला आलेली. कुणीतरी सांगितलं म्हणून तीन मुलांना अंघोळ घालून फाटकापर्यंत आणलेली. तिला वाचता येईना, म्हणून तिने जाणाऱ्या एकाला पाटी वाचून दाखवायला सांगितली. त्याने इमानदारीने वाचून दाखवली. जागा संपल्यात, मुलाखत असते. ती परत गेली.

मामांनी तिला पाहिलंही होतं. त्यांना वाटलं, पाणी मागायला आली.

मोठ्या बाई खुर्चीवर बसल्या त्या बसल्याच. दाराशी आलेली तीन मुलं, पट वाढवायला लावलेल्या पाटीने हाकलली होती. दारोदार फिरून जे मिळत नव्हतं, ते आपल्या पायांनी आलं होतं आणि वाचून, म्हणजे ऐकून, निघून गेलं होतं. मग त्या उठल्या, स्वतःच्या हाताने पाटी उपटली (एक खिळा आत राहिला, तो आजही आहे), आणि मामांना घेऊन बांधकामावर गेल्या. मुकादम म्हणाला, ती टोळी सकाळीच नदीपलीकडच्या कामावर गेली. दोघं नदीपलीकडे गेले. तिथून कुणी विटांच्या भट्टीकडे पाठवलं. मोठ्या बाईंच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा संध्याकाळ होत आली होती, आणि समोर एका वाळूच्या ढिगावर तीन मुलं, अंघोळ घातलेली, पुन्हा मळलेली, पेंगत होती.

"बाई, आम्हाला मुलाखत नाही जमायची," आई उभी राहून म्हणाली.

"मलाही जमली नसती," मोठ्या बाई म्हणाल्या. "चुकलं माझं. उद्या पाठव."

मुकादमाशी बोलून तिला जुन्याच कामावर परत आणवलं. तो एक वेगळा तमाशा. त्यात मामांची पिशवी हरवली आणि बाईंची चप्पल. पण पट एकोणीस झाला. त्या रात्री महिन्यात पहिल्यांदा मोठ्या बाई पोटभर जेवल्या.

एकोणीस! आता एकच.

हा आकडा भलताच चमत्कारिक निघाला. चार कमी होती तोवर सोसायटीभर विखुरलेली होती, कुणाच्याही घरची असू शकत होती. एकच कमी राहिल्यावर मात्र ते मूल थेट बाईंच्या घरात, दिवाणखान्याच्या मधोमध, गोल गोल गिरक्या घेऊ लागलं. जेवणाच्या टेबलाशी कुणी 'एक' म्हणेना. मुलगा एक पोळी मागायचा तर म्हणायचा, "जरा पोळी दे." सूनबाईंचा कुकर दिवसातून चारदा वाजू लागला.

भांडीवाल्या मावशी यायच्या तेव्हा त्यांची तिसरीतली लेक बरोबर असे. ती मोठ्या बाईंचीच विद्यार्थिनी, पट्टीची वाचणारी. आई भांडी घाशी तोवर ती स्वयंपाकघराच्या दारात बसून भिंगरीला गोष्टी वाचून दाखवी, आणि एरवी क्षणभर न थांबणारी भिंगरी तिच्या मांडीला मांडी लावून दगडासारखी बसे. एकदा भिंगरी म्हणाली, "मी हिच्या शाळेत जाणार." तेव्हा सूनबाईंनी दोघींना एकेक बिस्कीट दिलं. दुसरं काही दिलं नाही, उत्तरही नाही.

पार्लरवाल्या वहिनींना एकोणीस झाल्याचं कळलं. "अय्या, आणखी तीन? पण तसलीच ना?" आणि मग जीभ चावून, "म्हणजे लहान हो. लहानच ना?"

"लहानच," मोठ्या बाई म्हणाल्या. "शाळाच आहे ती."

महिना संपत आला. चेअरमन म्हणाले, "सभा घ्या. सगळ्यांना एकदम शाळा दाखवा. सामुदायिक निर्णय होतो." निवृत्त माणसाचा सभेवर जितका विश्वास असतो तितका दुसऱ्या कशावर नसतो. मोठ्या बाईंनी सभा घेतली. सोसायटीला बोलावलं, आणि सभा पालकांची असल्यामुळे पटावरच्या मुलांच्या आईबापांनाही बोलावलं. सूनबाई मदतीला म्हणून आल्या, चहाची किटली आणि बिस्किटांचं ताट घेऊन. मुलं बाहेर मैदानात सोडली, टायविना, मायबोलीत.

सोसायटीची माणसं पुढच्या बाकांवर बसली. बाक पहिलीचे. चेअरमन एका बाकात शिरले आणि मग बाकच त्यांच्यात शिरला. दोघं एकजीव झाले. मागे भिंतीशी गवंडी, रंगारी, इस्त्रीवाला, विटा वाहणारी आई, भांडीवाल्या मावशी. बाकांवर जागा होती, तरी ती माणसं उभी होती. मोठ्या बाईंनी दोनदा बसा म्हटलं. "ठीक आहे बाई, सवय आहे," रखवालदार म्हणाला.

वर्ग पाहून झाले. भिंतीवरची चित्रं, पुस्तकांची पेटी, भांडीवाल्या मावशींच्या लेकीची वही. सगळ्यांनी वही हातोहात फिरवली. काय अक्षर! काय टापटीप!

"मग?" मोठ्या बाई म्हणाल्या. "मला एकच मूल हवंय."

पुढच्या बाकांवर हालचाल झाली.

"शाळा सुरेखच आहे," एक वडील म्हणाले. "पण बैठी आहे ना. मुलांना जिन्याची सवय व्हायला हवी. पुढे आयुष्यात जिने लागतात."

"आणि उजेड जरा जास्त आहे," एक आई म्हणाली. "डोळ्यांना."

"माझं म्हणणं, फार जवळ आहे," दुसरीने सांगितलं. "प्रवासाने मुलं धीट होतात."

चेअरमन बाकातून सुटायची धडपड करीत म्हणाले, "मला वाटतं आपण एक समिती नेमू."

मोठ्या बाईंनी खडू हातात घेतला. उगाच. लिहायचं काही नव्हतं. महिनाभर त्यांना प्रत्येक गोष्टीला उपाय सापडला होता. टायला शिंपी होता, रस्त्याला व्हॅन होती. उजेडाला, जवळिकीला काय करायचं? शाळा उचलून लांब नेऊन ठेवायची? ते काम तर पटसाहेब परवा करणारच होते.

"तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "आणखी काय करू? मी करीन. खरंच करीन."

एकाने सूनबाईंच्या ताटातलं आणखी एक बिस्कीट उचललं.

ताट बाकावर ठेवल्याचा आवाज आला. सूनबाई पुढे आल्या होत्या.

"आई, पुरे करा आता," त्या म्हणाल्या. "ही माणसं तुम्हाला खेळवताहेत, आणि मीपण त्यांच्यातलीच आहे. उद्या कुणी म्हणेल छप्पर निळं हवं, तर तुम्ही या गुडघ्यांनी शिडीवर चढाल. मला ते बघवणार नाही."

"सूनबाई, अगं पण—"

"शाळेत काही कमी नाही, आई. मला माहीत आहे, इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे." त्यांनी मागे भिंतीकडे पाहिलं, मावशींकडे, आणि मान खाली न घालता बोलल्या, "मावशी, तुमची लेक माझ्या घरात बसून माझ्या मुलीला वाचायला शिकवते, ते मला आवडतं. पण वर्गात त्या दोघी एका बाकावर बसल्या की त्या सारख्या होणार, आणि ते मला सोसत नाही. का सोसत नाही, याचं चांगलं उत्तर माझ्यापाशी नाही. पण कारण तेवढंच आहे. टाय नाही, व्हॅन नाही. आम्हाला आमची मुलं तुमच्या मुलांच्या शेजारी नको आहेत."